आधी न्याहारी

आज ईस्टर. येशू मेलेल्यांतून उठला, असे आम्ही ख्रिस्ती माणसे आज आनंदाने गातो. पण उद्या सोमवारी त्याचे काय करायचे?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबेरियाच्या सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. त्यांत पेत्रही आहे. अटकेच्या रात्री अशाच शेकोटीपाशी उभे असताना त्याने येशूची ओळख नाकारली होती. एकदा नव्हे, त्या रात्रीत तीनदा. येशू त्याला जाब विचारत नाही. आधी खाऊ घालतो. मग ‘माझ्यावर प्रेम आहे का?’ एवढेच तीनदा विचारतो आणि मेंढरे राखायचे काम सोपवतो.

आमच्या वसईच्या वाडीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझे बोलणे दोन वर्षे बंद आहे. चूक त्याचीच, असे मी आजही मानतो. कबरीवरची धोंड सरली यावर माझा विश्वास आहे. कुंपणातले फाटक मात्र माझ्याने उघडत नाही. मग तो विश्वास कसला?

आज त्याला न्याहारीला बोलावतो. वाटणीचे मग बघू.