दक्षिण दिशा आणि उजवा हात

काशीच्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर पहाटे नदीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मुलाच्या समोर पूर्व दिशा असते. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्यामुळे प्रवाह त्याच्या डाव्या हाताकडे वाहत जातो. डावीकडे शीतला घाट आणि दशाश्वमेध, उजवीकडे मुन्शी घाट आणि दरभंगा घाट. या मुलाला ‘दरभंगा घाट कोठे आहे?’ असे विचारले, तर तो ‘उजवीकडे’ म्हणेल की ‘दक्षिणेकडे’? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु बालमनाच्या विकासाविषयी विसाव्या शतकात मांडल्या गेलेल्या एका मोठ्या सिद्धान्ताची कसोटी या साध्या उत्तरात दडलेली आहे, आणि भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनाही तिच्यापासून काही शिकण्यासारखे आहे.

हा सिद्धान्त म्हणजे जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा विकासावस्थांचा सिद्धान्त होय. मूल आरंभी आत्मकेंद्रित असते. आपल्याला दिसते तसेच जग इतरांनाही दिसते असे ते धरून चालते, आणि क्रमाक्रमाने त्याच्या विचाराचे विकेंद्रण होते, असे त्याचे सूत्र आहे. डाव्या-उजव्याच्या संकल्पनेचा पियाजे यांनी स्वतंत्र अभ्यास केला होता. स्वतःचा डावा-उजवा हात मुलाला साधारण पाचव्या वर्षी कळतो, समोरच्या माणसाचा आठव्या वर्षाच्या सुमारास, आणि वस्तूंमधील डावे-उजवे अकराव्या वर्षाच्या सुमारास, असा क्रम त्यांनी सांगितला. पुढे १९४८ साली बार्बेल इनहेल्डर यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथात अवकाशाच्या कल्पनेचा एकंदर विकासक्रम त्यांनी मांडला. या मांडणीत प्रवासाचा आरंभ मुलाच्या देहापासून होतो आणि देहनिरपेक्ष अवकाश हे त्याचे अखेरचे मुक्कामाचे ठिकाण ठरते.

जिनिव्हात याच परंपरेत घडलेले पियेर दासेन यांनी पुढे मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांचा अभ्यास केला. राशी-परिमाणाच्या संकल्पनांपेक्षा अवकाशाच्या संकल्पना तेथील मुलांत आधी दृढ होतात, असे त्यांना आढळले. कालांतराने काशी हिंदू विश्वविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ रमेश चंद्र मिश्र यांच्यासह त्यांनी वाराणसी, नेपाळ, बाली आणि जिनिव्हा येथील मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तो २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वाराणसीत संस्कृत पाठशाळांतील मुले आणि हिंदी माध्यमाच्या शाळांतील मुले यांची तुलना करण्यात आली. टेबलावरच्या लहानशा वस्तूंची मांडणी सांगतानाही डाव्या-उजव्याऐवजी पूर्व-पश्चिमेचा आधार घेण्याकडे संस्कृत पाठशाळांतील मुलांचा कल अधिक होता. डोळे बांधून, जागच्या जागी फिरवून, दुसऱ्या खोलीत नेल्यावर दिशा ओळखण्यातही ती सरस ठरली. देहापासून दिशांकडे जाण्याची जी वाट अटळ मानली गेली होती, ती सर्वत्र तशीच चालली जात नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावयास हवे. ‘दक्षिण’ या शब्दाचे संस्कृतात दोन अर्थ आहेत: उजवा आणि दक्षिण दिशेचा. ‘प्राची’ ही पूर्व दिशा म्हणजे समोरची दिशा. ‘पश्चिम’ म्हणजे मागची. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस या शब्दांच्या मुळाशी आहे. म्हणजे मानसशास्त्राने ज्या दोन व्यवस्था परस्परभिन्न मानल्या, एक देहाची आणि एक भूमीची, त्या या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. अहिल्याबाई घाटावर पहाटे उभ्या असलेल्या बटूच्या बाबतीत हे समीकरण अक्षरशः खरे असते. सायंसंध्येला मात्र तो पश्चिमेकडे तोंड करतो. नदी पाठीशी जाते, आणि त्याचा उजवा हात आता उत्तरेकडे असतो. दक्षिण दिशा व ‘दक्षिण’ हस्त यांची फारकत होते. पियाजे यांनी ज्याला विकेंद्रण म्हटले, त्याचा हा नित्याचा पाठ होय. तो प्रयोगशाळेत नव्हे, आचारात आणि भाषेत दिला जातो.

हे केवळ पाठशाळेचे किंवा एका वर्गाचे वैशिष्ट्य आहे, असा समज होऊ नये. बाली आणि नेपाळमधील मुलांतही हीच प्रवृत्ती आढळली. मराठी कृषिजीवनातील ‘उगवतीचा बांध’, ‘मावळतीचे शेत’ यांसारख्या प्रयोगांत हीच दृष्टी सहज नांदते. तिच्यासाठी मुंज व्हावी लागत नाही.

आता साहित्याकडे वळू. बालपणाच्या आणि पौगंडावस्थेच्या चित्रणाचा विचार करताना आपल्याकडील समीक्षक विकासावस्थांची शिडी बरोबर घेऊन जातो आणि पात्र कोणत्या पायरीवर आहे ते पाहतो. लॉरेन्स कोलबर्ग यांच्या सहा नैतिक अवस्थांची मोजपट्टी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ला लावली, तर आईच्या पसंतीत धर्म शोधणारा श्याम तिसऱ्या पायरीवरच अडकलेला दिसेल. या मोजपट्टीत आपुलकीच्या नात्यांतून उमलणारी नीती खालची ठरते, हा आक्षेप कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली स्त्रियांच्या संदर्भात घेतलाच होता. शिवाय नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात बोलतो तो मुलगा नव्हे. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्री आपले बालपण सांगतो. त्या कथनातून मुलाची ‘अवस्था’ काढणे म्हणजे आठवणीला साक्ष समजणे होय. याउलट प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मध्ये (१९९४) सीमाभागातील लंपन स्वतः बोलतो. त्याचे मन समजून घ्यावयाचे तर त्याच्या कानडीमिश्रित मराठीतूनच जावे लागते. ती भाषा बाजूला सारून उरेल ते कोणाही मुलाचे सामान्य मन असेल, लंपनचे नव्हे.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग विकासाचे सार्वत्रिक नियमच नाहीत काय? आहेत. स्वतः दासेन आणि मिश्र यांनीही वाराणसीची मुले आणि जिनिव्हाची मुले यांच्या मूलभूत क्षमता वेगळ्या मानल्या नाहीत. भेद आहे तो कोणती क्षमता प्रथम आणि अधिक वापरली जाते याचा. परंतु हाच भेद शिडीवर मांडला की उणीव होऊन बसतो. ‘उजवीकडे’ असे उत्तर अपेक्षिणारी चाचणी ‘दक्षिणेकडे’ म्हणणाऱ्या मुलाला शून्य गुण देईल, आणि ते शून्य मुलाच्या नावावर लागेल, चाचणीच्या नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ पायाभूत टप्पा ठरविला आहे. त्या वयाच्या मुलांसाठी चाचण्या आणि पाठ्यपुस्तके निरनिराळ्या भारतीय भाषांत तयार होत असताना, त्या भाषा दिशा, नाती आणि काळ कसे सांगतात याचे ज्ञान मानसशास्त्रज्ञाला कोण देणार? ते काम भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, आणि ते त्याने अद्याप पुरेसे अंगावर घेतलेले नाही.

सिद्धान्त मुलाला पाहावयास शिकवितो, ही त्याची थोरवी. पण मूल कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहे, हे सिद्धान्ताला आधी विचारावे लागते. आणि तो प्रश्न मुलाच्याच भाषेत विचारावा लागतो.