बेट ठरवण्याआधी पाऊस बघा

बाभुळगावच्या एका भगिनीने विचारले आहे, "भिशीचे पैसे साठलेत. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन थायलंडला, फुकेतला जावं म्हणतो. हॉटेल कसं ठरवावं?"

बाई, हॉटेलाआधी पाऊस बघा! फुकेत अंदमानच्या समुद्रात. तिथे मेपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा. समुद्र खवळला की होड्या बंद आणि किनाऱ्यावर लाल बावटा. मग पोहायचे नाही. भिशीचे पैसे खोलीत बसून पाऊस बघण्यात जायचे! पूर्वेच्या आखातातल्या कोह सामुई बेटावर मात्र मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. तेव्हा उन्हाळी सुट्टीत सामुई बरे, नाताळात फुकेत.

हॉटेल एकच घ्यावे, सकाळच्या नाश्त्यासह. बदलाबदलीत अर्धा दिवस जातो, आणि बॅगा भरायच्या कुणी? आपणच ना! एक दिवस होडीचा, दुसरा विसाव्याचा असे आखावे. होडीचे पैसे तिथे गेल्यावर, हवा पाहूनच भरावेत.

आणि हो, तिकडे भाजीतही मासळीचा सॉस घालतात. शाकाहारी असाल तर "जे" एवढा एक शब्द पाठ करून जा. तो म्हटला की मांस-मासळी, अंडे काही पडत नाही.