जग्वारला ताप येतो तेव्हा...

लांबलचक नाक, जमिनीला टेकल्यासारखं अंग, झेप घ्यायला दबा धरून बसलेल्या मांजरीसारखा पवित्रा... १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात जग्वार ई-टाइप पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा बघ्यांची अक्षरशः झुंबड उडाली. ताशी दीडशे मैल, म्हणजे २४० किलोमीटर वेगाचा दावा आणि किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास! एक फेरी मारायला मिळावी म्हणून एवढी गर्दी लोटली, की कंपनीचे सर्वेसर्वा सर विल्यम लायन्स यांनी थेट कॉव्हेंट्रीच्या कारखान्याला निरोप धाडला: आणखी एक गाडी ताबडतोब पाठवा. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांनी ‘७७ आरडब्ल्यू’ क्रमांकाची उघडी गाडी रात्रभर हाकत जिनिव्हात आणून उभी केली.

त्या प्रवासात गाडीला ताप आला नाही. येणार तरी कसा? युरोपातली मार्चमधली थंड रात्र, मोकळा रस्ता आणि तुफान वेग. वारा आपणहून रेडिएटरमध्ये घुसत होता. हीच गाडी आता मुंबईच्या विंटेज रॅलीत आणा. उन्हं डोक्यावर चढलेली, पुढे बँडबाजासारखी संथ चाललेली मिरवणूक, दुतर्फा फोटो काढणारी मंडळी आणि वेग बैलगाडीचा. दहाव्या मिनिटाला मालकाची नजर रस्त्यावरून उडते आणि तापमानाच्या काट्याला चिकटते. तो ९० वर, ९५ वर... मग बोनेटखालून वाफ आणि ‘वाजवा रे वाजवा’ ऐवजी ‘ढकला रे ढकला’!

ई-टाइप १९७४ पर्यंत बनत राहिली. सर्व प्रकार मिळून सत्तर हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक ई-टाइप आपल्या संग्रहात मानाने ठेवली. जग्वार कंपनी २००८ पासून टाटांच्या घराण्यात आली, त्यामुळे आपल्यालाही आता या गाडीबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलायला हरकत नाही. आणि माहेरच्या माणसाची दुखणी आपण लपवत नसतो.

मुळात हे दुखणं जन्मजात आहे. गाडीचा आकार घडवणारे माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले. वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून त्यांनी गाडीचं तोंड लहान ठेवलं. वेगात असताना त्या लहान तोंडातूनही भरपूर हवा जाते. उभ्या गाडीत मात्र सगळी मदार विजेच्या पंख्यावर. कंपनीलाही हे उमगलं असावं, कारण १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत गाडीचं तोंड चांगलंच मोठं झालं आणि एकाऐवजी दोन पंखे आले. रसिक मंडळी मात्र अजूनही पहिल्या मालिकेवरच जीव टाकतात. सौंदर्याची किंमत मोजावी लागते म्हणतात, ती अशी.

आता थोडं इंजिनाच्या पोटात डोकावू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच चाकं फिरवायच्या कामी येतो. तोही चांगल्या दिवशी. बाकीची उष्णता काही सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. ई-टाइपच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अॅल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापल्यावर कमी-जास्त फुगतात. पाणी एकदा नीट उकळलं, की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं. मग हेड उतरवा, घासून सपाट करा, इंग्लंडहून सामान मागवा, सहा महिने गाडी ठोकळ्यांवर. खर्चाचा आकडा ऐकून घरातल्या गृहमंत्र्यांचा जो पारा चढतो, त्यावर कुठलाही रेडिएटर चालत नाही!

म्हणूनच या गाडीच्या मालकांना पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती थर्मोस्टॅटची. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं, की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं: “साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू. आपल्या हवेत लागतंय कशाला?” काही गाड्यांत हे खपून जातं. जग्वारच्या या इंजिनात खपत नाही, उलट अंगाशी येतं. इथला मूळ थर्मोस्टॅट दोन कामं करतो. पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरवणारी छोटी आडवाट बंद करतो. तो काढून टाकला, की आडवाट कायमची उघडी. तापलेलं पाणी मग रेडिएटरला वळसा घालून सरळ इंजिनात परततं. आजारी माणसाला दवाखान्याच्या दारातूनच घरी पाठवावं, तसं! दुकानात मापाला बसणारा कुठलाही थर्मोस्टॅट आणून लावला तरी तीच गत. आडवाट बंद करणारी खालची चकती किंवा बाही त्याला आहे का, ते पाहूनच पैसे द्या. लावण्याआधी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात, पाण्यात टांगून तापवून बघा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. (पातेलं कुणाचं वापरायचं, याची परवानगी आधी घ्यावी.)

दुसरी गोष्ट पंख्याची. १९६४ पर्यंतच्या ३.८ लिटर गाड्यांत वीज डायनॅमोवर तयार होते. डायनॅमोचा स्वभाव असा, की इंजिन मंद चालत असेल तर तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे मिरवणुकीत पंखा फिरतो तो बॅटरीच्या जिवावर. बॅटरी उतरत जाते, पंखा मंदावतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची सर्वाधिक गरज असते! ४.२ लिटरच्या गाडीत अल्टरनेटर आला आणि हा प्रश्न बराच हलका झाला. जुन्या गाडीसाठी आता बाहेरून डायनॅमोसारखा दिसणारा अल्टरनेटर मिळतो. शुद्धतावादी नाकं मुरडतील, पण गाडी वाटेत बंद पडण्यापेक्षा नाक मुरडलेलं बरं.

पंखा बदलताना एक गंमत होते. ३.८ च्या गाडीत बॅटरीचं धन टोक अंगाला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नव्या पंख्याच्या तारा सवयीने जोडल्या, तर तो उलटा फिरतो. वारा ढकलायचा तिकडून ओढतो आणि गाडी चालू लागली, की समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच कुस्ती खेळतो. याची परीक्षा सोपी. पंखा चालू करून कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा. तो जाळीला चिकटायला हवा. उडून गेला तर तारा उलटवा. पंखा चालू करणारा तापमानाचा स्विचही साठ वर्षांचा म्हातारा असतो. त्याच्या मदतीला रिले आणि डॅशबोर्डाखाली हाताने चालवायचं एक बटण बसवून घेतलं, तर निम्मी काळजी मिटते.

काट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. या गाडीत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच छोट्या विद्युत नियंत्रकावर चालतात. तो बिघडला, की दोन्ही काटे एकदम वर चढतात. गाडी तापलेली दिसते आणि टाकीही भरलेली! काल पेट्रोल न भरता आज टाकी भरलेली दिसली, तर रेडिएटरला दोष देण्याआधी त्या नियंत्रकाकडे बघा. दुरून तापमान मोजणारं हातातलं यंत्र आता स्वस्तात मिळतं. त्याने थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरभर नेम धरला, तर खरं काय ते कळतं. रेडिएटरचा एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा गार लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत असं समजावं. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी डाख सोडवून उघडता येते आणि सळई घालून नळ्या साफ करता येतात. हे काम करणारे जुने कारागीर कमी होत चाललेत; ओळखीचा असेल तर त्याला धरून ठेवा.

नळ्या तुंबतात कशाने? आपल्या पाण्याने. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं, की किटलीच्या बुडाला बसतो तसा पांढरा थर आत बसतो. त्यात बिडाचा गंज मिसळतो. हा गाळ जाऊन साचतो तो ब्लॉकच्या मागच्या टोकाला. जग्वारवाले सिलिंडर मागून मोजतात, त्यामुळे गाळाचा पहिला मान एक नंबरच्या सिलिंडरला! नुसती तोटी उघडून पाणी सोडल्याने तो निघत नाही. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या काढून, तारेने खरवडून, उलट्या दिशेने पाण्याचा जोर मारावा लागतो. नंतर आत जायला हवं ते शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट, निम्मंनिम्मं. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण कूलंटमधलं गंजरोधक औषध हवंच. बीड, अॅल्युमिनियम, तांबं आणि शिसं असे चार धातू एकाच पाण्यात बसवले, की ते आपसांत भांडतात आणि बहुतेक वेळा हरतं ते अॅल्युमिनियम. जुन्या पद्धतीचं कूलंट या गाड्यांना मानवतं. ते दर दोन वर्षांनी बदलावं, गाडी शंभर किलोमीटरच चालली असली तरी.

आणि आपल्या गाड्या शंभरच चालतात! २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते; पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. नियमामागचा हेतू कळतो. पण उभ्या गाडीचे रबरी पाइप आतून फुगतात, वॉटर पंपाचं सील सुकतं, गाळ खाली बसून घट्ट होतो. खालचा जाड पाइप खास तपासा. मऊ पडला असेल तर इंजिन जोरात फिरवल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणीच अडतं. उभ्या गाडीत तो अगदी साळसूद दिसतो.

रेडिएटरच्या झाकणाबद्दल थोडं. झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच. दाब वाढला, की पाणी उशिरा उकळतं. सात पौंडाच्या झाकणाखाली साधं पाणी शंभराऐवजी सुमारे १११ अंशांना उकळतं. घाटात याचं महत्त्व जास्त, कारण महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागतं. मग पंधरा पौंडाचं झाकण का लावू नये? कारण साठ वर्षांचा डाख तेवढा दाब सोसेलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्याचंच झाकण लावा आणि त्याचं रबर दरवर्षी बघा.

एवढं सगळं करूनही काटा चढत असेल, तर दुखणं पाण्यात नसून आगीत असू शकतं. ठिणगी उशिरा पडत असेल किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल, तरी इंजिन तापतं. आणि थंड इंजिन चालू करताना उघड्या झाकणातून सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटचा संशय घ्यावा. जळलेला वायू पाण्यात येतोय का, हे ओळखणारं निळं रसायन गॅरेजमध्ये असतं. वायू लागला की ते पिवळं पडतं.

घरी जग्वार नाही, म्हणून हे पान उलटू नका. अॅम्बॅसॅडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि इंग्लंडच्या एमजीबी या लाडक्या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच ब्रिटिश घराण्यातली भावंडं. बोरघाटात बोनेट वर करून, दगड लावून उभ्या राहिलेल्या फियाट आणि अॅम्बॅसॅडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. आजोबांची गाडी अजून शेडमध्ये असेल, तर तिलाही हीच पथ्यं लागू.

रॅलीच्या दिवशी काटा चढलाच, तर हीटर पूर्ण सोडा. उकाड्यात घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. गाडी थांबलेली असेल तेव्हा गिअर काढून इंजिन थोडं जास्त फिरवा, पंपाला आणि डायनॅमोला जोर येतो. तरीही उतरला नाही, तर रांग सोडून सावलीत उभे राहा. बंद केल्यावर काटा आणखी थोडा चढेल. पंप थांबल्यामुळे तसं होतं, घाबरू नका. झाकणाला मात्र तासभर हात लावायचा नाही. नंतरही वर जाड फडकं टाकून, आधी थोडंसं सैल करून, वाफ जाऊ द्यायची. डिकीत शुद्ध पाण्याच्या दोन बाटल्या असू द्या आणि गरम ब्लॉकवर ते गार पाणी एकदम ओतू नका. इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं.