पळपुटा कोणाला म्हणावे?

सक्तीने भरती केलेला शिपाई संधी मिळताच पळाला, तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. परंतु जो आपल्या पायांनी भरतीला गेला, ज्याने सही स्वतःच्या हाताने केली, तोच पुढे पलटण सोडून जातो तेव्हा लोक त्याचा एका शब्दात निकाल लावतात. भ्याड! आमच्या मते हा निकाल फार घाईचा आहे. आणि हा विषय येथे अमिरातीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी परका मानू नये, कारण त्याचा एक धागा अलीकडे थेट दुबईतून गेलेला आहे.

२०२३ आणि २०२४ साली अनेक भारतीय तरुणांना रशियात हेल्परची किंवा पहारेकऱ्याची नोकरी देतो असे सांगून तिकडे नेण्यात आले. पगार भरघोस, लढाईशी संबंध नाही, अशी बोली होती. त्यांतले काही त्या वेळी दुबईतच नोकरीला होते, आणि ज्यांच्यावर ठपका आला त्या दलालांपैकी एकाचा कारभार दुबईतूनच चाले. तिकडे पोचल्यावर रशियन भाषेतले कागद पुढे आले, सह्या झाल्या, थोड्या दिवसांची कवायत झाली आणि पोरे युक्रेनच्या आघाडीवर जाऊन पडली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या प्रकरणी गुन्हा नोंदवून मुंबईसह सात शहरांत झडत्या घेतल्या. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जे आकडे दिले त्यांप्रमाणे १२६ भारतीय रशियन सैन्यात गेले होते. त्यांतले ९६ परत आले, १२ मृत्यू पावले आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता.

कागदोपत्री हे सगळे स्वेच्छेने गेलेले शिपाई होते. सही त्यांची होती, हे खरेच आहे. पण सही कशावर केली, हे त्यांना कोठे ठाऊक होते? सप्टेंबर २०२२ मध्ये रशियात निघालेल्या हुकुमाप्रमाणे सैन्यातील करार, लिहिलेली मुदत संपली तरी, लष्करभरतीचा तो काळ संपेपर्यंत चालूच राहतात. त्याच महिन्यात तेथील शिक्षाही वाढवल्या गेल्या. या काळात पलायन करणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे आत जाण्याचा दरवाजा रुंद आणि बाहेर पडण्याचा जवळजवळ नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये रशियन सैन्यातला एक गुजराती तरुण युक्रेनच्या हाती स्वतःहून गेल्याचे प्रसिद्ध झाले. शिक्षणासाठी गेलेला हा मुलगा तुरुंग टाळण्यासाठी सैन्याच्या कागदावर सही करून बसला होता. त्याला पळपुटा म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

येथील वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. गावी एजंटाने सांगितलेला पगार एक आणि येथे उतरल्यावर हातात पडलेला कागद दुसरा, हा अनुभव आखातात किती जणांनी घेतला असेल! येथेही मालकाला न कळवता सलग सात दिवसांहून अधिक गैरहजर राहिलेल्या कामगाराची तक्रार होते आणि त्याच्या नावापुढे ‘अॅबस्काँडिंग’ची नोंद लागते. तो का गेला हे त्या नोंदीत नसते. शिपायाचेही असेच आहे. फरक इतकाच, की कामगाराचा व्हिसा जातो आणि शिपायाच्या जिवाचा प्रश्न येतो.

मात्र फसवणूक हे एकच कारण आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. आपले भारतीय सैन्य पूर्णपणे स्वेच्छेच्या भरतीवर उभे आहे. तेथे काय लिहून घेतात हे मुलाला माहीत असते, कारण गावातले दहा जण आधी जाऊन आलेले असतात. तरीही १९५० च्या आपल्या सैन्य कायद्यात पलायनासाठी कलम ३८ ठेवावे लागले आहे. प्रत्यक्ष मोहिमेवर असताना पळाल्यास देहदंडापर्यंत आणि एरवी सात वर्षांपर्यंत कैद. बिनरजा गैरहजेरी हा त्याहून हलका, निराळा गुन्हा मानला आहे. या दोहोंतली रेघ जवानाच्या मनात असते. परत येण्याचा विचार असेल तर तो गैरहजर, नसेल तर पलायन.

ही रेघ बहुधा घराच्या उंबऱ्यावर ओलांडली जाते. आई आजारी, बहिणीचे लग्न, भाऊबंदांनी बांध कोरलेला, आणि रजा मात्र नामंजूर. मग माणूस चार दिवसांसाठी म्हणून जातो, ते चार दिवस वाढतात, आणि आता परतलो तर शिक्षा होणार या भीतीने तो कायमचा राहतो. जवानाचे मन शेताच्या बांधावर असते हे इंग्रज सरकारलाही कळले होते. म्हणून तर शिपाई कामगिरीवर असताना त्याच्या पाठीमागे दिवाणी दाव्यांचा निकाल लागू नये, यासाठी १९२५ साली खास कायदा केला गेला. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद केली, तरी तेथे पळणारे उरलेच. त्यांच्याबाबतही घरच्या अडचणी आणि सैनिकी जीवनाशी न जुळणे हीच कारणे पुढे आली.

नुसत्या हालअपेष्टांनी मात्र शिपाई पळतोच असे नाही. याच आखाताच्या टोकाला, बसऱ्याच्या वर, कुट येथे १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तीत मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलेले, आणि तुर्क हिंदी शिपायांना पत्रके टाकून बोलावीत होते. काही जण गेलेही. परंतु बहुतेक शिपाई अखेरपर्यंत राहिले. उजवीकडे आपल्या गावचा, डावीकडे आपल्या भावकीतला, अशा पलटणीत माणूस सहसा पाठ फिरवीत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, तरी तेथील घरे आजही सैन्यात मुले पाठवतात. रशियाच्या आघाडीवरील त्या पोरांना शेजारच्याची भाषाही कळत नव्हती.

अपमान मात्र उपासमारीहून लवकर झोंबतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशी उठले ते निकृष्ट अन्नावरून आणि अधिकाऱ्याच्या शिवराळ भाषेवरून. त्यामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती, आणि भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने पाळली नाहीत हा रागही होता. ते पळाले नाहीत, त्यांनी संप केला. पण एकेकट्या माणसाला संप करता येत नाही. तो पळतो.

कोणी म्हणेल, तुम्ही पळणाऱ्यांची वकिली करता. तसे नाही. ठाणे सोडून गेलेला पहारेकरी शेजारच्या दहा जणांचा जीव धोक्यात घालतो, आणि कोणत्याही सैन्याला हे चालवून घेता येणार नाही. सगळे समजून उमजून गेलेल्याने बोली पाळलीच पाहिजे. परंतु बोली दोघांची असते. शिक्षा मात्र नेहमी एकालाच होते. खोटे सांगून भरती करणारा दलाल, हक्काची रजा अडवणारा वरिष्ठ, जवानाच्या जमिनीच्या अर्जावर धूळ जमू देणारी कचेरी, यांच्यावर पलायनाचे कलम लागत नाही.

म्हणून आमचे येथील तरुणांना सांगणे आहे. नोकरी सुटली असेल, व्हिसाची मुदत संपत आली असेल, अशा वेळी कोणी परदेशातल्या मोठ्या पगाराची गोष्ट काढली तर आधी एजंटाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत पाहावे. जी भाषा वाचता येत नाही तिच्यातल्या कागदावर सही करू नये. शंका असल्यास दुबईच्या वकिलातीत किंवा अबुधाबीच्या दूतावासात विचारावे, त्यात कमीपणा नाही. आणि आघाडीवरून जीव वाचवून परत आलेला एखादा मुलगा आपल्या ओळखीत असेल, तर त्याला पळपुटा म्हणण्याआधी त्याला कोणी, काय सांगून नेले होते, हे विचारावे. ते नाव पोलिसांना कळले, तर पुढचा मुलगा तरी वाचेल.