प्रश्न कोणाच्या भाषेत?

शेतकऱ्याच्या मनाची पाहणी करणाऱ्यांनी प्रथम आपल्या प्रश्नांची पाहणी करावी. मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि खचलेला शेतकरी हुडकण्याचे काम आशा कार्यकर्तींवर सोपविले. हेतूविषयी वाद नाही. परंतु परभणीजवळच्या पिंगळीसारख्या गावात ‘तुम्हाला नैराश्य आहे काय?’ असे कोणी विचारले, तर काय उत्तर येणार? नैराश्य हा ग्रंथातला शब्द. गावात माणसाला घोर लागतो, करमत नाही, टेन्शन येते. ‘मानसिक आजार’ म्हणताच कानी ‘वेड’ पडते, आणि घरात लग्नाची मुलगी असलेला बाप वेडाची कबुली देत नसतो. कागदावर ‘नाही’ची खूण होते व गाव निरोगी ठरते.

शब्दांचा हा प्रभाव जुन्या प्रयोगांनी दाखविला आहे. अमेरिकेतील डोनाल्ड रग यांनी १९४१ साली असे दोन कौल शेजारी मांडले. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी काय?’ यावर ६२ टक्के ‘नको’ म्हणाले. ‘बंदी घालावी काय?’ यावर ‘होय’ म्हणणारे मात्र ४६ टक्केच निघाले. आशय एक, शब्द दोन, म्हणून जनमतेही दोन!

भारतात हाच धडा जनगणनेने दिला. १९६१ मध्ये सुमारे २८ टक्के स्त्रिया ‘काम करणाऱ्या’ होत्या. १९७१ मध्ये मुख्य व्यवसाय कोणता, असे विचारले गेले आणि हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आले. खुरपणारे, कापूस वेचणारे हात तेच होते. बदलला होता तो ‘काम’ या शब्दाचा अर्थ. अखेर १९९१ मध्ये घरच्या शेतातील बिनपगारी श्रमांचा उल्लेख प्रश्नातच करावा लागला.

यातून चळवळीच्या कार्यकर्त्यांनीही बोध घ्यावा. ‘कर्जापायीच झोप उडाली ना?’ असे विचारणारा सत्य नव्हे, आपलाच प्रतिध्वनी घेऊन परततो. दुःख आधी ज्याचे त्याच्या शब्दांत सांगू द्यावे. कर्ज, भाव, आजारपण यांची विचारपूस नंतर स्वतंत्रपणे करावी. शासनाकडे मागणी करायची ती एवढीच: प्रश्न प्रथम गावच्या बोलीत पारखून घ्या आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी मूळ प्रश्न जसाच्या तसा छापा. ज्यांच्या दुःखाची मोजणी व्हायची, त्यांना मापाची भाषा ठरविण्याचाही अधिकार आहे.