कचऱ्याचं बिल कोण भरणार?

सातारा-सांगलीकडे अणुऊर्जेचा विषय निघाला की गाडी थेट जैतापूरवर. कचऱ्याचं कुणी विचारतच नाही! तारापूरची वीज १९६९ पासून वापरतोय आपण. जळालेल्या इंधनातला जहाल भाग काचेत गोठवून तिथेच सांभाळला जातो. कायमचं खोल कोठार अजून नाही. अणुविजेच्या दरात युनिटमागे २ पैसे घेतात, पण ते अणुभट्टी मोडीत काढण्यासाठी. माझ्या मते कोठारासाठीही असाच वेगळा निधी हवा. वीज आम्ही वापरायची आणि खर्च नातवंडांनी करायचा?

अर्थात नुसता निधी पुरत नाही. अमेरिकेने ग्राहकांकडून अब्जावधी डॉलर जमवले, १९८७ मध्ये युक्का माउंटन ठरवलं, आणि पुढे राजकारणात सगळं अडकलं.

कोयनेजवळ गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी सरकारने ३ किलोमीटर खोल भोक पाडलंच ना? (कचरा तिथे नको हो, भूकंपाचा भाग तो!) मग योग्य खडक शोधायलाही पैसे काढा की.