समुद्राचा हंगाम आणि माणसाचा

गेल्या महिन्याच्या टपालात शहापुराहून एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "माझ्या मामंजींना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले आहे. सिंधुदुर्ग किल्ला डोळ्यांनी पाहावा, एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवितात. मुलांना सुटी एप्रिलमध्ये लागते. तेव्हा जावे की दिवाळीच्या सुमारास? आपण शाळेच्या सहली घेऊन अनेकदा मालवणला गेला आहात. कोणता हंगाम उत्तम, ते सांगावे."

प्रश्न साधा आहे आणि पोस्टकार्डावर मावेल असे त्याचे उत्तरही आहे. परंतु या प्रश्नाशी आमची एक जुनी चूक निगडित असल्यामुळे आम्ही ते या पानावर सविस्तर देत आहोत.

प्रथम समुद्राविषयी. सिंधुदुर्ग मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर उभा आहे. होडीने गेल्यास दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. एवढेसे पाणी पाहून घाटावरच्या माणसास वाटते, यात हंगाम तो काय पाहावयाचा? परंतु या पाण्याखाली खडकांचे जाळे पसरले आहे. वाटाड्या नसलेल्या परक्या गलबतास येथे शिरणे अवघड, हे हेरूनच शिवाजी महाराजांनी हे बेट निवडले. जे खडक शत्रूस अडवीत, तेच पावसाळ्यात यात्रेकरूसही अडवितात. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की या खडकांवर लाटा फुटू लागतात आणि होडी घालणे म्हणजे जिवाशी खेळ होतो. म्हणूनच मेच्या अखेरच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याकडे जाणारी प्रवासी होड्यांची वाहतूक बंद ठेवली जाते. नारळी पौर्णिमेस मालवणच्या बंदरात समुद्राला वाजतगाजत नारळ अर्पण होतो, परंतु पौर्णिमा ऑगस्टच्या आरंभी आली तर नारळ पोहोचला तरी प्रवाशास थांबावेच लागते.

सप्टेंबरात होड्या सुटतात. तरी आम्ही म्हणू, घाई करू नये. पाण्यातला गढूळपणा गेलेला नसतो, मधूनच सर येते आणि आंबोली घाटात धुके व पाऊस असतो. दसऱ्याच्या सुटीत कित्येक मंडळी जातात, पण आश्विनातले ऊन कोकणात घामाने निथळविते. शिवाय अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन मोसम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दुसरा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आले, २०१९ च्या ऑक्टोबरात 'क्यार', आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते'. या तिन्ही वादळांचा तडाखा या किनाऱ्याने सोसला आहे. तेव्हा त्या दिवसांत निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा ऐकूनच निघावे.

मग उरतो तो काळ मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा, म्हणजे स्थूलमानाने नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. हाच उत्तम. हवा कोरडी असते, पाणी निवळशंख होते आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असतो. दुपारी खारा वारा उलट दिशेने वाहू लागला की लाटा उठतात. म्हणून या दिवसांतही जाणे-येणे दुपारच्या आत उरकावे. फाल्गुन-चैत्रातही जाता येते. परंतु तोपर्यंत उन्हाची धग वाढते, दुपारचा वारा जोर धरतो आणि तटावरचा दगड पायाला चटके देऊ लागतो. वैशाखात तर वृद्धांनी जाऊच नये.

येथे इतिहासातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. किल्ल्याच्या कामाचा मुहूर्त शके १५८६ च्या मार्गशीर्षातला. २५ नोव्हेंबर १६६४ ही त्याची तारीख दिली जाते. मालवणच्या किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' नावाचा खडक आहे. तेथे पूजा करून कामास आरंभ झाला, असे सांगतात. मुहूर्त पंचांगाने काढला असेल, परंतु तो समुद्रालाही विचारून काढलेला दिसतो. खवळलेले पाणी शांत झाले आहे, सुगी आटोपून माणसे मोकळी होत आहेत आणि पुढचा पाऊस यावयास सहा महिने आहेत. पायाभरणीस याहून चांगला काळ कोणता? १६६७ साली किल्ला पुरा झाला. जो हंगाम महाराजांनी दगड वाहण्यास निवडला, तो आपणांस दर्शनास पुरेसा असावा.

आता भरती-ओहोटीचा ठोकताळा. कोकणातील जुनी माणसे घड्याळावाचून भरतीची वेळ सांगतात. तिथीच्या अंकास तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, येईल तो भरती पुरी होण्याचा तास. अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्येसही पंधरा हाच अंक धरावा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण हिशेब चुकत नाही. वृद्ध माणूस बरोबर असेल तर सकाळी आठ-नऊला पाणी भरलेले असावे, म्हणजे होडीतून चढणे-उतरणे सोपे जाते. एकादशी-द्वादशीच्या सुमारास असे पाणी मिळते. मात्र ज्यांना मालवणी माशांच्या जेवणाची ओढ आहे, त्यांनी मार्गशीर्षातला गुरुवार व एकादशी या दोहोंचा विचार घरच्या मंडळींशी आधी करून घ्यावा. त्यात आम्ही पडत नाही.

गर्दीचे दिवसही टाळावेत. नाताळ ते नववर्ष हा आठवडा वर्ज्य समजावा. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा त्या बाजूस भरते, तेव्हा मालवणात उतरावयास जागा मिळणे कठीण होते. या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते, तेव्हा ती विचारून घ्यावी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत सिंधुदुर्ग आहे. येणाऱ्यांची संख्या वाढणारच, म्हणून शनिवार-रविवार सोडून जावे.

येथवर समुद्राचा हंगाम झाला. आता आमची चूक सांगतो.

आमच्या शाळेत इतिहास शिकविणारे एक गुरुजी होते. वयाने आम्हांपेक्षा चार वर्षांनी वडील. शिवकालाचा पाठ आला की फळ्यावर खडूने कुरटे बेट काढीत. महादरवाजा कसा वळणात दडला आहे, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या समुद्राच्या मध्यावर कशा आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर कोठे आहे, हे असे सांगत की शेजारच्या वर्गातली मुलेही कान देत. तीस वर्षे त्यांनी हा किल्ला शिकविला आणि एकदाही पाहिला नाही. दसऱ्याच्या सुटीत भातकापणी जवळ आलेली असे, उन्हाळ्यात लेकी माहेरी येत, सहलीच्या वेळी तरुण शिक्षकांस पुढे करून ते स्वतः शाळेत थांबत.

सेवेच्या अखेरच्या वर्षी डिसेंबरात ते आमच्या खोलीत आले. त्यांच्या गावची काही मंडळी मालवणला निघाली होती. त्यांनी तीन दिवसांची नैमित्तिक रजा मागितली. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. आम्ही म्हणालो, "गुरुजी, किल्ला काय पळून जातो? सुटीत जाऊ, आम्हीही येतो." त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि वर्गावर गेले. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या वर्गात पाऊलही टाकले नाही.

एप्रिलात त्यांच्या घरी लग्न निघाले. मेमध्ये प्रवेशाच्या कामात आम्ही अडकलो. शब्द तर दिला होता, म्हणून मेच्या अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही दोघे बेळगावहून निघालो. आंबोली-सावंतवाडीवरून सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास करून मालवणच्या धक्क्यावर उभे राहिलो, तो होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. वाहतूक दोनच दिवसांपूर्वी बंद झाली होती. समोर तट स्पष्ट दिसत होता. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, किल्ला पळाला नाही, हे खरे. पण मधला समुद्र कुणासाठी थांबतो?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागावले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

त्याच श्रावणात त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले.

मार्गशीर्षात त्यांचा मुलगा, नात आणि आम्ही त्यांस घेऊन पुन्हा गेलो. या वेळी रजेचा पहिला अर्ज आम्ही आमचाच लिहिला. सकाळचे शांत पाणी, द्वादशीची भरती. होडीवाल्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून अलगद उतरविले. महादरवाजापर्यंत ते आले आणि त्यापुढे त्यांचे पाऊल उचलेना. उंबऱ्याशी सावलीत त्यांना बसविले. तटावर चढणे शक्यच नव्हते.

त्यांनी दहा वर्षांच्या नातीस जवळ बोलाविले आणि म्हणाले, "तू वर जाऊन ये आणि काय दिसते ते मला सांग." ती धावत गेली. परत येऊन एकेक सांगू लागली. पलीकडे पाण्यात आणखी एक लहान किल्ला दिसतो म्हणाली. "तो पद्मगड," गुरुजी म्हणाले. विहीर पाहिली म्हणाली. "देवळाजवळची? मग अजून दोन राहिल्या, जा." ती पुन्हा धावली. अशा तिने चार फेऱ्या केल्या. जो किल्ला त्यांनी पाहिला नव्हता, त्यात नात कोठे चुकली ते त्यांना बसल्या जागी कळत होते. परतताना होडीत ते म्हणाले, "पाहिला म्हणायचा." आम्ही मान डोलाविली, पण त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. एका वर्षापूर्वी हेच गुरुजी स्वतःच्या पायांनी तटावर फिरले असते. त्या डिसेंबरातही समुद्र असाच शांत होता.

तेव्हापासून कोणी उत्तम हंगाम विचारला की आम्हांस दोन पंचांगे पाहावी लागतात. समुद्राचे पंचांग दरवर्षी फिरून येते. मार्गशीर्ष या वर्षी चुकला तर पुढल्या वर्षी आहेच. माणसाचे तसे नाही. त्याचे गुडघे, डोळे, श्वास यांचा मोसम एकदा सरला की नारळ वाहून परत सुरू होत नाही. सुटीच्या सोयीने आपण दिवस ठरवितो आणि सुटी तर ना समुद्राकडे पाहून लागते, ना म्हाताऱ्या माणसाकडे पाहून.

म्हणून भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. एप्रिलची वाट पाहू नये. येत्या मार्गशीर्षात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, सकाळची भरती साधून मामंजींना घेऊन जावे. आदल्या रात्री मालवणात मुक्काम करावा, म्हणजे त्यांना घाटाचा शीण राहणार नाही. डोक्यास टोपी, हाती काठी आणि प्यावयास पाणी बरोबर असावे. मुलांची शाळा दोन दिवस बुडेल, ती बुडू द्यावी. आजोबांबरोबर तटावरून चालताना ती जे शिकतील, ते शिकविण्यास आम्हां शिक्षकांस तीस वर्षे लागतात.

आणि मुख्याध्यापकांनी रजा नाकारलीच, तर हे पान त्यांच्यापुढे ठेवावे. लिहिणाराही मुख्याध्यापकच आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.